खांद्याची पिशवी

डुलुथ. फेब्रुवारी. सरोवर इतकं गोठलंय
की खनिजाच्या जहाजांना सुट्टी आहे,
आणि मी तळमजल्यावर उजेड मोजते आहे:
पन्नास लक्स. त्याहून जास्त
जुन्या मण्यांखालच्या मखमलीला सोसत नाही.
काय दाखवायचं ते वरचे ठरवतात.
किती दिसेल, ते मी.

डेल्फीन लाप्रेरी आपलं काम स्वतःच घेऊन आली,
पिकअपच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून.
वडिलांचं गोदीवरचं हेल्मेट, पिवळं, पोचे आलेलं,
आणि त्यावर मणी, राईएवढे.
रानगुलाब, वेल, आणि मागे जिथे टवका उडाला होता
तिथे खनिजाचा गंजका तांबडा.
"सतरा महिने," ती म्हणाली,
"आणि चष्म्याचे दोन नंबर."

क्युरेटरने हेल्मेटाला सावकाश प्रदक्षिणा घातली.
"यात पारंपरिक काय आहे?"
"डोकेदुखी," डेल्फीन म्हणाली.

शेजारच्या काचेत तिच्याच लोकांची जुनी पिशवी,
खांद्यावरून तिरपी अडकवायची.
खाली पाटी: ओजिब्वे, साधारण १८९०. कारागीर अज्ञात.
ती वाकली. काचेवर श्वासाचा गोल उमटला.
"अज्ञात नव्हती. नाव विचारलं नाही, असं लिहा.
हे बघ, या पाकळीत निळे मणी संपलेत तिचे,
दुसऱ्याच निळ्यावर भागवलंय.
शेजारणीकडून उसने आणले असणार."

दारावर हातभर अक्षरांत: आवर हेरिटेज.
"इंग्रजीत एकच 'आवर'," ती म्हणाली. "गरीब भाषा.
आमच्यात दोन आहेत.
गीनविंद, म्हणजे तुला धरून.
नीनविंद, म्हणजे तुला सोडून.
हा त्यातला कुठला, विचार त्याला."

मी हसले. म्हटलं, आमच्यातही दोन.
आपण. आम्ही.
परक्या गावात दोघींना एकच मागचं दार सापडावं
तशा आम्ही – नाही, आपण –
बराच वेळ बसून राहिलो,
ती खोक्यावर, मी शिडीच्या पायरीवर.

मग भूक लागली. मी डबा काढला.
माझ्या कापडी पिशवीवर गेरूच्या रंगावर पांढरा फेर,
मध्ये तारपा वाजवणारा,
आणि शिवण येते तिथे एका बाईचं पाऊल
अर्धंच छापलेलं.
डेल्फीननं त्या अर्ध्या पावलावर बोट ठेवलं.
"कोणी काढलंय?"
"वारली."
"हे तिचं नाव?"
"नाही, ते लोक. आदिवासी. आमच्याकडचे."

आमच्याकडचे.
घास तोंडात फिरत राहिला.
पुण्याच्या विमानतळावर घेतली होती,
साडेसातशेला, आयत्या वेळी,
परदेशात आपलं काहीतरी हवं म्हणून.
आपलं.
डहाणूवरून मी कितीदा गेले,
खिडकीतून चिकू घेतले, चांगले निघाले.
उतरले एकदाही नाही.

डेल्फीन काही बोलली नाही.
लोणच्याची फोड उचलली, डोळे गच्च मिटले,
पाणी मागितलं, आणि आणखी एक फोड.

संध्याकाळी ती गेल्यावर दिवे पुन्हा तपासले.
हेल्मेटवर नियमापेक्षा थोडा जास्त सोडला उजेड,
नवे मणी आहेत, सोसतील.
पाटी बदलायचा अर्ज वर पाठवला.
एप्रिलमध्ये बैठक आहे म्हणतात.

घरी पिशवी उलटी केली.
कोपऱ्यात जिऱ्याचे दोन दाणे, सुटलेला दोरा,
आणि शिवणीत बोटभर पांढरी पट्टी.
दिव्याखाली धरली. नाव शोधलं.
लिहिलं होतं:
थंड पाण्यात धुवा.
वेगळं धुवा.