सतरा नंबर

ट्रान्सफॉर्मरभोवती पाइपांची चौकट,
बाहेरून लाल, आतून ठणठणीत कोरडी.
पाणी अलीकडे, व्हॉल्व्हच्या दाराशी उभं,
दाब धरून म्हणा, दबा धरून म्हणा, एकच.

पितळी नोझल चौसष्ट,
बोरांएवढी तोंडं,
सगळी एकाच तेलकट पोटाकडे बघत बसलेली.
नऊ वर्षांत खरं काम एकदाही नाही.
नोकरीच अशी, की काम पडू नये
एवढंच तिचं काम.

सुभान तडवी, फिटर, मूळचे यावलकडचे,
मला पहिल्या दिवशी म्हणाले,
"ताई, पानी टाकनं सोपं आहे.
पानी फोडनं जड जातं."
मग नोझल उघडून आतली पीळदार पाकळी दाखवली,
नखावर मावेल एवढी.
तिच्यातून जाताना पाणी गरगरतं,
बाहेर येताना त्याची धार उरत नाही.
नुसती धार जळत्या तेलात घुसली
तर तेल उडतं, आग चालत सुटते.
थेंब मात्र जोरानं बसले
की तेलापाण्याचं ताकासारखं घुसळण होतं,
आणि ताक पेटत नाही.

वरच्या नळीवर काचेचे बल्ब, आत लाल रस.
एकोणऐंशी अंशाला फुटायचे.
भुसावळचा मे, सावलीत सत्तेचाळीस,
डांबर चप्पल सोडत नाही,
पहारेकरी खिशात कांदा घालून फिरतो,
आणि बल्ब गप्प.
इथल्या उन्हाला तो आग मानत नाही.
इथलाच असावा.

शटडाउन मिळालं, चाचणी ठरली.
तडवींनी खटका ओढला.
आधी हवा पळाली शिट्टी मारत,
मग एकदम पांढरं.
कँटीनचा पोरगा, कोळशाकडचे दोघं, तो कांदेवाला पहारेकरी,
सगळे कडेनं भिजायला उभे.
मी वहीत खुणा करत होते.
सतरावर पेन थांबलं.

उजव्या बाजूला, बुशिंगच्या खाली,
पत्रा कोरडा.
चहूकडून पाणी
आणि मधे कळण्याच्या भाकरीएवढं ऊन.
आगीला किती जागा लागते?
हे मी मोठ्यानं विचारलं नाही.

तडवी शिडीवर चढले, पाना लावला.
आत माती.
कुंभारमाशीचं घर, हातानं लिंपल्यासारखं गुळगुळीत.
फोडलं तर तीन हिरव्या अळ्या, सुन्न पडलेल्या,
आणि त्यांच्यावर पोसणारं एक पिवळं पिल्लू.

"हिनं चिखलाले पानी कुठून आनलं असंन, ह्या उन्हात?"
तडवींनी इकडेतिकडे पाहिलं.
मग आम्ही दोघांनी एकाच वेळी व्हॉल्व्हकडे पाहिलं,
दांड्याखालच्या ओल्या वर्तुळाकडे.
थेंब. जरा वेळानं दुसरा.
ते ठिबकणं मी एप्रिलमध्येच वहीत लिहिलेलं,
पॅकिंग आलं नव्हतं.

संध्याकाळी नोंद केली:
नं. १७, माती काढली, पुन्हा चाचणी, ठीक.
मातीचा तो तुकडा तडवींनी पिल्लासकट
पंपघराच्या मागे सावलीत ठेवला.
ते नोंदीत नाही.
नोझलवर बसवायला प्लास्टिकचं झाकण,
पाणी आलं की उडून पडेल असं,
स्टोअरमध्ये एकच मिळालं.

आज मंगळवार.
पॅकिंग अजून आलेलं नाही.
माशी आली, सतराच्या झाकणावर बसली,
दोनदा गोल फिरली,
मग अठराकडे गेली.