शनिवारी गिरणी बंद असते

वीज असली की केगोडेंची गिरणी सुरू होते,
आणि गिरणी थांबली की समजायचं, वीज गेली.
चावाकालीत मक्याचं पीठ सगळ्यांच्या भुवयांवर बसतं.
माझ्या तर कानांतही.

पहिल्या परीक्षेला मी त्या घरघरीतून
ग्लासगोच्या कुणा बाईचं बोलणं उपसत बसले होते.
तिचा 'र' जात्यासारखा फिरायचा,
मला दळण मिळायचं, शब्द नाही.
निकाल आला : अचूकता एकोणऐंशी टक्के.
पाहिजेत पंच्याण्णव.
पुन्हा बसायचं तर नव्वद दिवसांनी.

नियमांची चौदा पानं मी सायबरमधून छापून आणली,
पानाला दहा शिलिंग,
आणि चुलीपासून लांब, पलंगाखाली ठेवली.
खोकला लिहू नये. 'अं' लिहू नये.
अडखळलेलं वाक्य सरळ करावं.
शांतता तीन सेकंदांहून मोठी असेल
तरच नोंदवावी.

मग ओळखपत्र.
त्यावर मी फॅनिस मुहोंजा, खात्यावर मुहोंजा फॅनिस,
म्हणून मी ती नव्हेच, असं यंत्राचं म्हणणं.
आई म्हणाली, झगा उलटा घातला तरी झगा तोच.
यंत्राला आई ऐकू येत नाही.

मग चेहरा.
गोलात मान धरा. डावीकडे वळा. उजवीकडे वळा.
चेहरा नीट दिसत नाही, उजेडात या.
मी दारात आले, अंगणात आले,
केळी ओलांडून थेट डांबरी रस्त्यावर आले,
फोन हातभर पुढे धरून मान डावी, मान उजवी.
एक बोडा-बोडावाला थांबला, म्हणाला,
ताई, रस्ता ओलांडायचाय का?

गिरणीचं कोडं सोडवलं आगेसाने.
वय बारा, अभ्यासात यथातथाच.
म्हणाला, केगोडे अ‍ॅडव्हेंटिस्ट आहेत ना?
शनिवारी गिरणीला कुलूप असतं.
नव्वद दिवस मी भिंतींना गाद्या टेकवत होते.

शनिवार. वीज होती आणि आवाज नव्हता.
कोंबडा आगेसाच्या शर्टाखाली.
हेडफोनमध्ये आठ मिनिटांचा एक म्हातारा,
कुठल्याशा थंड बंदरातला,
त्याने आपली बोट का विकली ते सांगणारा.
दोरांचे भाव, डिझेलचे भाव, हेरिंग मासळी,
सगळं मला सापडत गेलं.
मग कुणीतरी विचारलं, आणि तुमची बायको?

तिथे तो थांबला.
मी मागे नेऊन मोजलं. अडीच सेकंद.
पुन्हा नेलं. अडीचच.
नियमाप्रमाणे तिथे काहीच घडलं नव्हतं.

मी लिहिलं : ती गेली. नंतर मी बोट विकली.
मधला पूर्णविराम माझा.
त्याने तिथे फक्त श्वास घेतला होता,
आणि श्वासाला चौदा पानांत चिन्ह नाही.
घड्याळात सहा मिनिटं उरली होती.
ती मी त्या पूर्णविरामाकडे बघण्यात घालवली,
हे शहाणपणाचं नव्हतं, मला ठाऊक आहे.

निकाल पाच दिवसांत कळवतील,
कामाच्या दिवसांत, त्यांच्या.

रविवारी सकाळी आई चुलीपाशी बसून म्हणाली,
काय, अं, म्हणालं गं ते... तुझं ते... आणि खोकली.
माझ्या डोक्यात आपोआप उमटलं :
काय म्हणालं ते?
सरळ, स्वच्छ, शंभर टक्के अचूक.
मला स्वतःचीच भीती वाटली थोडी.
म्हटलं, आई, पुन्हा बोल.
ती पुन्हा बोलली, आणखी खोकली,
धुराला शिवी दिली, मला एक दिली.
मी काही गाळलं नाही.

तेवढ्यात गिरणी सुरू झाली.
म्हणजे वीज आली.
मी उठून लॅपटॉप चार्जिंगला लावला.