मुका खांब

क्रोशात एक टाका असतो, त्याला मुका खांब म्हणतात.
सुई घाल, दोरा ओढ, दोन्ही फास एकदम सोड.
उंची नाही त्याला, जाळी पडत नाही,
नुसता घट्ट.
तेराव्या वर्षी शिकले मी तो, कोरेगावात, थोरल्या काकूकडून.
हजारो घातले असतील,
पण नाव कधी कानात शिरलंच नाही
ह्यांची वाचा जाईपर्यंत.

अठ्ठावीस वर्षं सातारा–बामणोली, खाकी शर्ट, पाठीवर पट्ट्याचा वण.
उजवा हात आणि शब्द
एकाच पहाटे उतरून गेले.
भिलाऱ्यांची मुलगी यायची आमच्या गोडोलीत,
आठवड्यातून तीनदा, व्यायाम घ्यायला.
तिनं दिलेला स्पंजचा चेंडू ह्यांनी गॅलरीतून फेकला डाव्या हातानं,
तो पडला रिक्षाच्या टपावर
आणि पोवई नाक्याकडे निघून गेला.

मग मी माझी सुई दिली, आणि मोती चौकातून आणलेली निळी गुंडी.
बायकी काम म्हणायला तोंड नव्हतं,
म्हणून घेतली असेल.

आता माझं सांगते.
फ्रिजच्या हँडलला मोजे, टीव्हीवर रुमाल (टीव्ही भिंतीवर गेला, रुमाल माळ्यावर),
सुनेला पर्स, नणंदेच्या अंबाड्याला जाळी,
नातीला हेअरबँड, तो तिनं एकदाच घातला, फोन संपेपर्यंत.
नाव न घातलेल्या भांड्यासारखं
सगळं घरोघर गेलं.
ह्यांनी चार महिन्यांत वीतभर पिशवी केली,
कासचा घाट चढणाऱ्या गाडीसारखी एका अंगाला कललेली,
तर अख्खी बिल्डिंग बघायला!
शेडगे वहिनींनी फोटो काढले,
मुलानं पुण्याहून स्टेटस ठेवलं,
आणि पोहे कुणी केले? मी.

पिशवी कशासाठी ते मलाच माहीत होतं.
कपाटात, लोकरीच्या मफलरखाली
तिकिटं टोचायचा पंच आहे.
निवृत्तीला जमा करायचा राहिला, असं ते म्हणत.
राहिला कसला.

एका रात्री झोप येईना.
तिसऱ्या ओळीतली चूक डोळ्यांत कुसळासारखी.
उसवली. पुन्हा घातली.
आणि चाळीस वर्षं ताठ विणणारी मी
ह्यांच्यासारखं सैल, ह्यांच्यासारखं चुकत विणायला बसले, कळू नये म्हणून.
घाम फुटला. चुकणं सोपं नसतं.
ट्यूबलाइटमध्ये किडे, समोर अजिंक्यतारा नुसता काळा ढीग,
आणि मी माझ्याच नवऱ्याच्या हाताची नक्कल करत.

सकाळी चहा निवला.
हे पिशवी फिरवतायत, डाव्या अंगठ्याच्या नखानं एकेक टाका पुढे ढकलतायत.
थांबले. परत पहिल्यापासून.
तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर माझ्याकडे बघितलं,
अगदी तसंच, जसं मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघत.
आणि तोंडातून, जड, ओढत, पाच महिन्यांनी:
“पं-चे-चा-ळीस.”

गाडीत सीट चव्वेचाळीस.

मी पदराला हात पुसत राहिले, कोरडेच होते.
रडायचं की कबूल करायचं, काही सुचेना.
हे उठले, भिंत धरून कपाटापर्यंत गेले,
पंच काढला.
गुंडीवरची कागदाची पट्टी घेतली, उजव्या हातात पंच.
एकदा घसरला. दुसऱ्यांदा पट्टीच दुमडली.
तिसऱ्यांदा
टक्.

पट्टी माझ्यापुढे धरली. सुट्टे मागितले नाहीत.

पिशवी पुन्हा कुणी उसवली नाही, पंचेचाळीसच आहेत.
माझं तिकीट माझ्या पर्समध्ये असतं.
पर्स मीच विणलेली, खाली मुके खांब, वर जाळी, आत चांदणी अस्तर.
छान आहे.
अजून कुणी विचारलं नाही.