गार कान

पहाटे तीन-दहाला फोन. "डॉक्टर, एकशेचौदा बसलीये."
बसली म्हणजे काय, हे मी विचारत नाही.
तिसऱ्या वेताची, परवा सांजेला व्यायलेली.
बसली म्हणजे आता आपली आपण उठणार नाही, एवढंच.

जोगेश्वरीच्या तबेल्यात एक ट्यूबलाइट फडफडतेय.
सुग्रीव तिच्या डोक्याखाली पोतं सारतो.
मान मुरडून तिनं तोंड कुशीत खुपसलंय,
जसं काही पोटातून नेलेलं अजून तिथंच असेल.
मी आधी कान धरते.
फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या वाटीसारखे गार.
नाकपुडी कोरडी. रात्रीपासून शेण नाही.

चुन्याचं आहे सगळं, मी सांगते.
सुग्रीव मान हलवतो. दिवसाला बारा वेळा तंबाखू मळतो तो,
चुना त्याला कळतो.
एका दिवसात अठरा लिटर उतरलं तिचं.
हाडांपर्यंत निरोप पोचायच्या आत
रक्तातला चुना कासंडीत गेला.

बाटली उंच धरायची नाही. धार बारीक.
एक हात सुईवर, कानात नळ्या,
घाई केली तर काळीज जागच्या जागी थांबतं,
हे मी एकदा पाहिलंय, माझ्याच हातून.
त्यामुळे मोजते.
पाव बाटली. अर्धी. मांडी थरथरली.
मग एक ढेकर, लांबलचक, आंबूस,
तबेलाभर.
नाकावर घामाचे मणी.
शेण पडलं तेव्हा सुग्रीवनं हात जोडले, मला नाही, शेणाला.
पाच वाजता ती उठली.

दळवीशेठ मोबाइलवर हिशोब करतात:
माझी फी, बाटली, दोन वेळचं कमी दूध.
"सुटलो स्वस्तात."
मी काही बोलत नाही. पहिला महिना सरू दे.

नवव्या दिवशी तिच्या श्वासाला गोड वास.
नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा असतो ना, तो.
पेंडीला तोंड लावत नाही, नुसता कडबा चघळते,
आणि स्वतःची चरबी जाळून दूध देते.
द्यायचं थांबवत नाही, हीच अडचण.
विसाव्या दिवशी एक सड दगडासारखा.
इंजेक्शन. चार दिवस दूध विकायचं नाही.

सुग्रीव बादली गटारात ओततो.
नाला थोडा वेळ पांढरा, मग पुन्हा नाल्यासारखा,
ओशिवऱ्याकडे, खाडीकडे.
समोरच्या टपरीवर त्या दिवशी पिशवीचं दूध.

माझ्या पावतीपुस्तकात तीन रकाने आहेत:
भेट, औषध, एकूण.
मुरबाडहून आलेल्या पेंढ्याच्या ट्रकचं डिझेल कुठं लिहू?
टँकरचं पाणी?
आणि ती ढेकर, जिच्यासाठी मी पहाटे देवाचं नाव घेतलं,
दूध येवो न येवो, ती दिवसभर देतच राहते,
पत्र्यावरून निघून जाते वर,
तिची पावती कुणाच्या नावे फाडू?
व्याच्या आधीचे तीन आठवडे
नीट मोजून चारा, थोडे क्षार,
शेठना मी लिहून दिलं होतं.
तो कागद खुंटीवर आहे. त्यावर दुधाचे रतीब लिहिलेत.

चार महिन्यांनी एकशेचौदाची जागा रिकामी.
पुन्हा गाभ धरला नाही, उभी खाते, परवडत नाही.
तिच्या जागी आणंदहून दुसरी येतेय,
एक थेंब देण्याआधी
कुणाच्या तरी गोठ्यात अडीच-तीन वर्षं खाऊन.
बिल्ला तोच लावणार का, विचारलं,
तर शेठ हसले.

टेम्पोत चढवताना सुग्रीव होता.
मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं,
तळहातावर अंगठा फिरवत:
"कान धरून बघितले मॅडम.
गरम होते."