ब्रिक्स

जानेवारीत जानोरीच्या उपकेंद्रात कुणी पंखा लावत नाही.
यमुना भोये म्हणाली, लावा सिस्टर, मळमळतंय.

पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज, तीनशे मिली पाणी,
वरून मी पिळलेलं अर्धं लिंबू.
तिनं नाक दाबून ग्लास रिकामा केला.
घड्याळात नऊ दहा.
अर्धा तास तरी ओकू नकोस, म्हटलं,
नाहीतर उद्या पुन्हा यावं लागेल.
"उद्या नाही जमायचं. कंटेनर भरायचाय."

सहावा महिना. दुसरी खेप.
आईला साखर आहे?
"आई पेठकडं. तिला कोण तपासतंय?"
वडलांना?
"पायाचं बोट कापलं होतं. जखम भरेना म्हणून."
पहिलं बाळ किती किलोचं?
इथं ती हसली.
चार किलो दोनशे.
सासूनं पाड्यावर घरोघरी जाऊन सांगितलं होतं.
खांदा अडकला होता, हे मात्र सासूनं सांगितलं नाही.
ते ती मला आत्ता सांगते, आवाज खाली करून,
जणू तिच्याच हातून काही सांडलं होतं.
मी त्या ओळीखाली लाल रेघ मारते.
गुटगुटीत हा शब्द
माझ्या रजिस्टरात कौतुकाचा नाही.

दोन तास बसून बाई काय बोलणार?
कामाचंच.
पॅकहाउसात ती साखर मोजते.
मण्याचा एक थेंब काचेवर,
नळी डोळ्याला, तोंड उजेडाकडं,
निळं संपून पांढरं लागतं, तो आकडा.
सोळाच्या खाली, क्रेट परत.
अठरा, तर चालला बोटीनं.
"एकाच वेलीवर
सावलीतला घड वेगळा, उन्हातला वेगळा.
वरून सारखेच दिसतात, सिस्टर.
आणि चव घेऊन काही कळत नाही,
दहा घडांनंतर जीभ खोटं बोलायला लागते."

दर मंगळवारी मला हेच सांगायचं असतं
दारात उभ्या असलेल्या सासूंना, नवऱ्यांना,
आणि इतकं सरळ कधी सांगता येत नाही.

माझ्या पर्समध्ये, डब्याखाली, गोळ्यांची पट्टी आहे.
माझा थोरला निफाडला झाला, शहाण्णव साली, पावणेपाच तास अडून.
तेव्हा कुणी थेंबभर रक्त मागितलं नाही.
गोड बातमी, म्हणाले सगळे,
आणि पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्याच तोंडात घातला.

अकरा दहा.
टोच. यंत्र पाचापासून उलटं मोजतं.
एकशे त्रेसष्ट.
"पास का नापास?"
एकशे चाळीसच्या आत हवं होतं गं.
बोटावरचा कापूस दाबत ती हिशेब जुळवते.
"आमच्यात कमी भरलं की परत.
तुमच्यात जास्त भरलं की?"

परत कुणी नाही, म्हटलं. इथून परत कुणीच नाही.
पंधरा दिवस नागलीची भाकरी, तीही मोजून, पालेभाजी भरपूर.
भात निम्मा. चहा बिनसाखरेचा.
जेवलीस की बांधाबांधानं चालायचं.
मग पुन्हा मोजू. नाहीच उतरली,
तर नाशिकला, सिव्हिलच्या डॉक्टरांकडं, मी येईन बरोबर.
आणि बाळंतपण पाड्यावर नाही. काही झालं तरी.
"आणि द्राक्षं?"
मी चष्मा पुसते.
"परत आलेले क्रेट आम्हालाच देतात, फुकट.
आंबट असतात ते. चालतील?"

हसू आलं मला, आणि तिलाही,
मग ती स्वेटरची बटणं लावून उठली.
अर्धा रोज बुडाला होता.

संध्याकाळी फोन.
मागं क्रेट आपटल्याचे आवाज.
"सिस्टर, आमच्या लाइनीत अजून दोघी आहेत.
एकीला पाचवा. दुसरी लपवतेय, काम जाईल म्हणून,
पण मला कळतं ना.
उद्या पाळीच्या आधी घेऊन येते.
उपाशी आणू का जेवून?"

कशाही आण, म्हटलं.
येताना दोन लिंबं आण.