प्रश्न सातवा

उद्यमबागेत, पहिल्या पाळीच्या चहाला
मी कन्नड फॉर्म मराठीत वाचून दाखवते:
कामाबद्दल समाधान, एक ते पाच.

मोनाप्पा साच्याची ओली वाळू मुठीत दाबतो,
माझ्या तळहातावर ठेवतो.
"बोटं उमटल्यात न्हवं? आता मधनं मोडा.
कड धारदार आली की माल बरोबर.
ह्ये कुठल्या आकड्यात बसतंय?"

मी तीन लिहिते.

हिरेमठ सरांच्या संगणकानं आधीच सांगितलंय:
मोनाप्पा, येळ्ळूर. सहा महिन्यांत सोडून जाईल.
खूण लाल.
सव्वीस वर्षं तो ह्याच भट्टीपाशी.

प्रश्न वाचणाऱ्यांची यादी नसते.

बसमध्ये आधार कार्ड काढताना
बोटांना काळी वाळू लागते,
राजीनाम्याच्या घडीत शिरलेली.