हातचा एक

रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर,
सतराव्या पायरीपासून पुढे.
म्हणून शाळेचा टॅबलेट तिथं नेऊन बसवतो आम्ही,
वर ओला दुपट्टा धरून.
मार्चमध्ये सकाळची शाळा, तरी
साडेआठलाच कठडा पोळतो.

ठमके सर म्हणाले, आता आमडोहला तीन मास्तर.
तिसऱ्याला ना इलेक्शन ड्युटी, ना घरोघरचा सर्व्हे,
ना खिचडीच्या तांदळाचा हिशोब.
तो बिचारा नुसता शिकवतो.

पहिल्या दिवशी प्रज्वलनं विचारलं,
'जेवला का बे?'
उत्तर आलं, 'मी जेवत नाही, पण विचारल्याबद्दल धन्यवाद.'
पोट्टे पायऱ्यांवर लोळून हसले.
जेवत नाही, अन् वरून धन्यवाद!

जानवी कुडमेथे हसली नाही.
वर्गात ती बोलतच नाही,
हजेरीला फक्त बोट वर.
तीन वर्षं मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहितोय, 'मितभाषी'.
चांगला शब्द आहे. मास्तरला सोयीचा.

शनिवारी घरी नेऊन चार्जिंगला लावला
तर तिचंच पान उघडं.

'हातचा मंजे का'
'समजलं नाई'
'पुन्ना सांग'
'पुन्ना सांग'

मोजलं मी. अकरा वेळा.
अकराही वेळा त्यानं सांगितलं,
कधी गोळ्या घेऊन, कधी पेन्सिली, कधी नुसत्या रेघा,
आणि प्रत्येक वेळी आधी,
'छान प्रश्न विचारलात तुम्ही.'

तुम्ही.
नऊ वर्षांच्या पोरीला.
तिसऱ्या वेळेला मी काय म्हणतो
ते मला माहीत आहे.
भिंतीपलीकडे ठमके सरांनाही ऐकू जातं.

मग तिनं स्वतःचं गणित घातलं होतं.
'आईनं सांबार इकला ४७ चा मेथी ३६ ची'
तो लगेच तूरडाळ, चिंच, इडलीवर घसरला.
'ते नाई. हिरवा सांबार. भाजीवर टाकतेत तो.
तुले मायीत नाई का'
त्यानं माफी मागितली. म्हणाला,
कोथिंबिरीचं हे नाव तुमच्याकडून कळलं.

त्याच्या पुढची तिची ओळ
सगळ्यात लांब आहे.
बाजार कुठं भरतो, जुडी कशानं बांधतात,
पाणी किती वेळा शिंपडायचं,
उरलेला सांबार आई कोणाकोणाला वाटते.
मला ती इतकं कधी बोलली नाही.
मी विचारलं कधी?

आणि अगदी खाली,
'हातचा एक कोनाच्या हातचा'

एकक, दशक, स्थानिक किंमत,
चार परिच्छेद. एकही चूक नाही.

'तुले हात हायेत का'
'नाही, मला हात नाहीत.'
'मंग'

इथं बॅटरी संपली असावी.
मी त्याखाली एक ओळ टाइप केली,
खोडली,
आणि रात्री उशिरापर्यंत चिंचोके मोजत बसलो
म्हणून बायको हसली.

सोमवारी टॅबलेट कपाटात.
जानवीला पुढं बोलावलं, जमिनीवर बसलो.
सात चिंचोके इकडे, सहा तिकडे, झाले तेरा.
दहा भरले रिकाम्या काडेपेटीत,
पेटी दिली तिच्या मुठीत.
तीन खालीच राहिले.
म्हटलं, हा बघ, हातचा.
तुझ्याच हातचा.

तिनं पेटी कानाशी नेऊन हलवली.
उघडली. मोजले. दहाच होते.
मेथीवाल्या तीनात ठेवायची की सांबारवाल्या चारात,
तिची मूठ मध्येच थांबली.

'समजलं?'

वर्ग गप्प. खिडकीत कोणाची तरी बकरी.

'नाई,' जानवी म्हणाली,
मोठ्यानं, सगळ्यांदेखत,
'पुन्ना सांगा.'

सांगितलं.

'पुन्ना सांगा.'

ही तिसरी वेळ.
जिभेवर आलं होतं.
मी पेटी उघडली,
चिंचोके पुन्हा जमिनीवर ओतले.